मटण ताजं, मग चिवट का?

परदेशातला शिकारी हरीण मारतो, सोलतो आणि आठवडाभर थंड खोलीत टांगून ठेवतो. मग कापून, शिजवून खातो. असा व्हिडिओ फोनवर फिरत आला की आमच्याकडे पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘शी, सडवून खातात की हे!’ मराठवाड्यात मटणाची परीक्षा एकच, समोर कापलेलं आणि हाताला अजून कोमट लागणारं. रविवारी सकाळी खाटकाला ‘हे कालचं आहे’ म्हणायला लावा, रांग शेजारच्या दुकानापुढे सरकेल.

हा हट्ट चुकीचा नाही. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकतो, दुकानात शीतकपाट नसतं, तिथे ताजं घेणं हाच शहाणपणा. गडबड पुढच्या वाक्यात आहे. ‘ताजं आहे, म्हणजे मऊ शिजणार’ हे खरं नाही. स्नायूचं रसायन उलटंच सांगतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हरणाचं मटण घरी करून बघायचा विचार इथे कुणी करू नये. बीड, लातूर, धाराशिवच्या शिवारात काळविटांचे कळप दिसतात, हरभऱ्यात घुसतात म्हणून शेतकरी वैतागतातही. पण काळवीट आणि चिंकारा दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे आणि घरात नुसतं मांस सापडलं तरी तो गुन्हाच. हे मांस ‘औषधी’ असतं म्हणून चोरून विकणारे भेटतात. त्यात हाडामांसापलीकडे काही नसतं, औषध तर नाहीच. आपल्याला प्रयोगाला उस्मानाबादी बोकड पुरेसा आहे. हरणाचा स्नायू आणि बोकडाचा स्नायू एकाच तत्त्वावर चालतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. प्राणी मेला तरी त्याचे स्नायू त्याच क्षणी मरत नाहीत. रक्त थांबतं, प्राणवायू संपतो, पण पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण शिल्लक असते. तिच्यावर त्या काही तास काम चालू ठेवतात. त्यातून एटीपी हे पेशींचं इंधन तयार होतं आणि सोबत लॅक्टिक आम्लही. आम्ल वाहून न्यायला रक्त नसल्याने ते तिथेच साचतं. जिवंत स्नायूचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपास असतो, तो हळूहळू साडेपाचपर्यंत उतरतो.

स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. मायोसिनचे जाड आणि अॅक्टिनचे बारीक. मायोसिनच्या तंतूवर शेकडो छोटी डोकी असतात. ती अॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे जाऊन पुन्हा धरतात. विहिरीतून पोहरा ओढताना दोन्ही हात आळीपाळीने दोर धरतात आणि सोडतात, तसंच. आता सांगा, यातल्या कोणत्या पायरीला एटीपी हवं? बहुतेक जण म्हणतील, ओढायला. पण डोकं अॅक्टिनपासून सुटतं तेव्हाच, जेव्हा एटीपीचा नवा रेणू त्याला येऊन चिकटतो. तो रेणू फुटला की डोकं पुढच्या ओढीसाठी ताणून सज्ज होतं. ओढून झाल्यावर फुटलेले तुकडे बाहेर पडतात आणि डोकं अॅक्टिनला घट्ट अडकून राहतं, पुढचा एटीपी येईपर्यंत. म्हणजे सोडायलाच इंधन लागतं, धरून ठेवणं फुकट आहे.

ग्लायकोजेन संपलं की एटीपी संपतं आणि अब्जावधी डोकी जिथल्या तिथे अडकतात. प्रेत ताठरतं ते यामुळेच. बोकडाच्या स्नायूत हे तापमानानुसार काही तासांत घडतं, उन्हाळ्यात लवकर. सकाळी सातला कापलेलं मटण दुपारी चुलीवर चढतं, ते बरेचदा या ताठरण्याच्या ऐन भरात असतं.

मग टांगून ठेवल्यावर ते मऊ कसं होतं? मायोसिनच्या डोक्यांची ही मिठी पुढे सुटते असं वाटेल, पण ती सुटत नाही. स्नायूत कॅल्पेन नावाची विकरं (एन्झाइम) असतात. पेशीतल्या कप्प्यांतून कॅल्शियम पाझरलं की ती जागी होतात आणि टायटिन, डेस्मिन अशी प्रथिनं कापत सुटतात. टायटिन हा प्रचंड लांब रेणू मायोसिनच्या तंतूंना झेड चकतीशी, म्हणजे तंतूंच्या रांगेतल्या आडव्या पडद्याशी, बांधून ठेवतो, तर डेस्मिन शेजारशेजारचे तंतुक (तंतूंच्या जुड्या) एका ओळीत धरतं. (कॅल्पेनला आवरणारं कॅल्पास्टॅटिनही पेशीत असतं. ते ज्या जनावरात जास्त, त्याचं मांस सावकाश मऊ होतं.) थोडक्यात, गाठ तशीच राहते आणि भोवतीचा सांगाडा तुटतो. हे काम शून्य ते चार अंश तापमानात अनेक दिवस चालतं. तेवढ्या थंडीत जिवाणूंची वाढ फारच मंदावते, विकरं मात्र चालत राहतात. सडणं हे जिवाणूंचं काम, मुरणं हे स्नायूच्या स्वतःच्या विकरांचं. टांगण्याचा आणखी एक फायदा म्हणजे धडाच्या वजनाने काही स्नायू ताणलेले राहतात, आखडून बसत नाहीत.

मात्र शहरातल्या हॉटेलात ‘ड्राय एज्ड’ (म्हणजे असंच थंडीत मुरवलेलं) अशी पाटी लावून जे दर लावतात, त्यात विकरांचा वाटा थोडा आणि पाटीचा जास्त.

गावाकडची जुनी माणसं सांगतात, हरणाचं मटण काळपट आणि उग्र असायचं. धावणाऱ्या प्राण्याच्या स्नायूत मायोग्लोबिन (प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन) भरपूर, म्हणून रंग गडद, हे एक कारण. दुसरं कारण पाठलागाचं आहे. जिवाच्या आकांताने पळालेल्या प्राण्याचं ग्लायकोजेन मरण्यापूर्वीच जळून जातं. मग मेल्यावर आम्ल बनायला कच्चा मालच उरत नाही आणि पीएच सहाच्या वरच अडकतो. अशा मांसातली प्रथिनं पाणी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे प्रकाश परतण्याऐवजी आत शिरतो आणि मांस काळं, घट्ट, कोरडं दिसतं. जिवाणूंना आम्ल कमी म्हणून मोकळं रान मिळतं, शिवाय साखर नसल्याने ते थेट अमिनो आम्लांवर तुटून पडतात. दुर्गंध लवकर येतो तो त्यामुळे. शिकार कायदेशीर आहे तिथला जाणता शिकारी बेसावध, चरणाऱ्या हरणाच्या छातीवर एकच नेम धरतो, त्यात दयेइतकाच मटणाचाही विचार असतो.

आपल्या बोकडाला हेच लागू. आठवडी बाजारातून टेम्पोत कोंबून, उन्हात, पाण्याविना आणलेला बोकड उतरवल्या उतरवल्या कापू नये. एक दिवस सावलीत बांधा, चारा-पाणी द्या.

कंदुरीत, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या जेवणात, काय होतं बघा. बोकड तिथेच झाडाखाली कापतात, सोलतात आणि मटण थेट मोठ्या पातेल्यात. तरी रस्सा झकास होतो, कारण रश्श्याचं गणित वेगळं आहे. मटणाला बांधून ठेवणारं दुसरं प्रथिन कोलॅजेन. ते साठ-पासष्ट अंशांना आधी आक्रसतं, पण तास-दोन तास उकळत राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. बोटं चिकटवणारा रस्सा येसर मसाल्याबरोबर त्या जिलेटिनचाही असतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे पाणी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये तापमान शंभराच्या बरंच वर जातं, म्हणून शिट्ट्यांनी वेळ वाचतो. ताठरलेल्या स्नायूचा चिवटपणा खरा जाणवतो तो झटपट सुक्क्यात किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या तुकड्यांत.

आणि कलेजी? ती कंदुरीत सगळ्यात आधी तव्यावर पडते, शिकाऱ्याच्या तळावरही त्याच रात्री. यकृताला स्नायूसारखे तंतू नाहीत, त्यामुळे ताठरायचा प्रश्नच नाही. तिथे ताजं ते उत्तम, शंभर टक्के.

मटण शिजेना की कुणी नजर लागली म्हणतं, कुणी पातेल्यात सुपारीचं खांड टाकतं. नजरेबद्दल बोलायला नको. सुपारीत टॅनिन असतं आणि टॅनिन प्रथिनांना बांधतं, सोडवत नाही. कातडं कमावतात ते त्याच गुणावर. त्यापेक्षा कच्च्या पपईचा गर बरा. त्यातलं पपेन खरोखर प्रथिनं तोडतं, मात्र ते कॅल्पेनसारखं निवडक नाही. जास्त वेळ लावून ठेवलं तर वरचा थर लगदा आणि आत जैसे थे.

कंदुरीचं किंवा कुर्बानीचं मटण घरी उरलं की ते कोमट असतानाच बारीक तुकडे करून फ्रीजरमध्ये कोंबतात, ते मात्र टाळा. एटीपी शिल्लक असताना स्नायू दहा अंशांखाली गेला तर कॅल्शियम आवरणारी यंत्रणा कोलमडते आणि तो जोरात आखडतो. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये हे दाखवून दिलं. हाडावरून सुटलेल्या तुकड्याला तर आखडताना अडवणारं काहीच नसतं, आणि गोठलेला तुकडा वितळताना राहिलेलं आखडणंही उरकून घेतो, पाणी सोडतो. त्याऐवजी मांडी हाडासकट अख्खी ठेवा, ती सावकाश गार होते आणि हाड तिला आखडू देत नाही. बाहेर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, वर जाळीदार झाकण. दुसऱ्या दिवशी तुकडे करा, मग हवं तर गोठवा. मानेतली पिवळसर जाड दोरी तेवढी आधीच काढून टाका. ती इलास्टिन या प्रथिनाची असते, कोलॅजेनसारखी विरघळत नाही. दहा शिट्ट्या दिल्या तरी ती दारच्या कुत्र्याच्याच वाट्याची.