क्रिकेट, सिगारेट आणि गोव्यातला एक सर्जन

१९९६ चा क्रिकेट विश्वचषक ज्यांना आठवतो, त्यांना वानखेडेवरची ती रात्र नक्की आठवत असेल. मैदानावर पहिल्यांदाच प्रकाशझोतात सामना होता, समोर ऑस्ट्रेलिया होती आणि सचिन ९० वर यष्टिचीत झाला. आमच्या घरी त्या रात्री ताटं तशीच झाकून राहिली. त्या स्पर्धेला आम्ही पोरं ‘विल्स वर्ल्ड कप’ म्हणायचो, कारण तिचं नावच ते होतं. विल्स म्हणजे सिगारेट, हेही ठाऊक होतं. त्यात वावगं काही आहे असं आम्हाला वाटलं नाही, आणि मोठ्यांनीही कधी तसं म्हटलं नाही.

गोव्यातल्या एका डॉक्टरांना मात्र ते फार खटकत होतं. डॉ. शरद वैद्य हे कर्करोगाचे सर्जन. गोवा कॅन्सर सोसायटीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन म्हणजे कधी अर्धी जीभ जाते, कधी जबड्याचं हाड जातं, आणि माणूस वाचला तरी पुढे घास गिळायला नव्याने शिकावं लागतं. हे काम करणारा डॉक्टर एका टप्प्यावर विचार करू लागतो, की हा माणूस माझ्या टेबलावर येण्याआधी वीस-पंचवीस वर्षं कुठे होता? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. शाळेत.

वैद्यांनी नुसती भाषणं दिली नाहीत. ते, त्यांचे चिरंजीव जयंत वैद्य आणि यू. डी. नाईक यांनी गोव्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी केली. सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेली क्रिकेट मालिका पाहिल्यावर मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न होता. निष्कर्ष १९९६ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. अशा सामन्यांमुळे मुलांच्या मनात खेळ आणि धूम्रपान यांची खोटीच सांगड बसत होती. आपले खेळाडू सिगारेट ओढतात, ओढल्याने खेळ सुधारतो, अशा कल्पना तयार होत होत्या. आणि अशा मुलांमध्ये ‘एकदा ओढून बघू’ म्हणण्याचं प्रमाण वाढत होतं.

पण मला या अभ्यासातली सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तंबाखूने काय होतं हे या मुलांना चांगलं माहीत होतं. माहिती असूनही परिणाम व्हायचा तो झालाच.

हे वाचल्यावर शाळेतल्या आपल्या सगळ्या तंबाखूविरोधी प्रभातफेऱ्या, घोषणा आणि भिंतीवरची विंचवाची चित्रं आठवतात. त्या गोष्टी वाईट नाहीत. पण माहिती पुरत नाही, आणि का पुरत नाही याचं कारण मेंदूत आहे. धोका तोलणारा, ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. मौजेची, बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी जोरात चालू असते. अशा वयात निकोटीन आत गेलं की ते नेमकी हीच यंत्रणा पकडतं. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं, तिथल्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांना, चिकटतं आणि डोपामीन हे मौजेची ओढ लावणारं रसायन सुटतं. वारंवार असं झालं की मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो. मग निकोटीन मिळालं नाही की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पोराला वाटतं, सिगारेटने डोकं चालतं. खरं तर सिगारेटनेच ते अडवून धरलेलं असतं.

आपल्याकडे धुरापेक्षा चघळणं जास्त, म्हणून चुन्याबद्दलही सांगायला हवं. तळहातावर तंबाखूची चिमूट घ्यायची, बोटाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायचं, थापटून धूळ उडवायची आणि ओठामागे बार भरायचा. हे करणाऱ्याला रसायनशास्त्र येत नसतं, पण तो करतो ते रसायनशास्त्रच. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यातलं निकोटीन अशा रूपात येतं की गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून ते सहज रक्तात उतरतं. गुटख्यात सुपारीही असते. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल चामड्यासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर रुग्णाला स्वतःचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगतात. निरोगी माणसाची सहसा जातात. ज्यांची दोनच जातात, त्यांत विशीतली पोरं असतात. या आजारातून कर्करोग होण्याची शक्यता बरीच वाढते.

वैद्यांनी आपला अभ्यास कपाटात ठेवला नाही. शाळा, पालक, आमदार, मंत्री यांच्यामागे त्यांचा पाठपुरावा चालू राहिला आणि १९९७ मध्ये गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणं यांवर बंदी आणणारा कायदा केला. देशाचा तंबाखू नियंत्रण कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ मध्ये आला. जाहिराती, प्रायोजकत्व, अल्पवयीनांना विक्री, शाळेपासून १०० यार्डांच्या आतली विक्री, हे सगळं त्याने बंद केलं. निदान कागदावर.

२०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात भारतातल्या २८.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय असल्याचं दिसलं, महाराष्ट्रात २६.६ टक्के. गोव्यात ९.७ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. याचं श्रेय एका माणसाला किंवा एका कायद्याला देणं अशास्त्रीय ठरेल. शिक्षण, उत्पन्न, खाण्यापिण्याच्या सवयी, सगळंच त्यात येतं. पण त्या आकड्यामागे डॉक्टरांची दीर्घ मेहनतही आहे, असं मी मानतो.

मुलांचं चित्र मात्र चिंतेचं आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. बिडी ओढणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच पहिली बिडी ओढली होती. दहा वर्षांचं मूल म्हणजे चौथी-पाचवीतलं.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत मी पावलं मोजली. बत्तीस भरली. टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतात, त्यांचं खालचं टोक पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतं. खाली बरणीत एक रुपयाच्या गोळ्या. गोळ्या घ्यायला मुलं रोज तिथेच जातात.

आणि क्रिकेट? विल्स गेलं. त्याच्या जागी वेलची आली. गुटखा आणि पानमसाल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नावांनीच आता ‘इलायची’ विकली जाते, सोबत मोठमोठे नट असतात. मागच्या मोसमात सामना बघताना षटक संपलं आणि तशी एक जाहिरात लागली. माझा भाचा सातवीत आहे. मी त्याला सहज विचारलं, “ही कशाची जाहिरात रे?”

त्याने टीव्हीवरची नजरही न हलवता सांगितलं, “गुटख्याची, मामा.”