सापाच्या जखमा व शुश्रूषा

काचपेटीत पाळलेल्या किंवा सुटका करून आणलेल्या सापाच्या कातडीला, तोंडाला अथवा शेपटीला झालेली इजा भरून येईपर्यंत करावयाची देखभाल. या विषयाची पशुवैद्यकीय माहिती मुख्यतः यूरोप-अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या दोन सापांच्या अनुभवावर उभी आहे : पश्चिम व मध्य आफ्रिकेतला रॉयल ऊर्फ बॉल पायथन आणि आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक. धामण, नाग, घोणस यांना ती लागू करताना सापाची जात, त्याचा मूळ अधिवास आणि त्याला मानवणारे तापमान लक्षात घ्यावे लागते.

पाळीव सापाच्या बहुतेक जखमा पेटीतच होतात. भक्ष्य म्हणून जिवंत सोडलेला उंदीर सापाला भूक नसली की उलट त्यालाच कुरतडतो. पाठीच्या कण्यालगतचे मांस हाडापर्यंत खाल्ल्याची उदाहरणे आहेत. म्हणून आधी मारलेले भक्ष्य देण्याची पद्धत रूढ झाली. जाळीवर किंवा काचेवर सतत घासल्याने नाकाडावरचे खवले झिजतात. ओल्या, घाणेरड्या अंथरणामुळे पोटाखाली फोड येऊन कातडी सडते. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि शेपटीवर अडकलेले तिचे कडे रक्तप्रवाह तोडते.

भाजण्याच्या जखमा सर्वांत गंभीर. पेटीत उबेसाठी ठेवलेला, विजेवर तापणारा कृत्रिम दगड किंवा जाळी न लावलेला दिवा यांना साप चिकटून राहतो आणि कातडी जळेपर्यंत हलत नाही. तो असे का करतो, यावर मतभेद आहेत. सापाला उष्णतेची वेदनाच जाणवत नाही, असे पूर्वी सांगितले जाई. परंतु सापाच्या कातडीत वेदना टिपणारे चेतातंतू असल्याने हे मत आता मागे पडले आहे. निसर्गात ऊब बहुधा वरून, सूर्याकडून येते व खालचा दगड सावकाश तापतो, त्यामुळे एकाच जागी पोटाखालून येणाऱ्या तीव्र उष्णतेपासून दूर होण्याची सवय सापात घडलेली नसावी, असे दुसरे मत आहे. पेटीचा बाकीचा भाग थंड पडल्यामुळे उबेच्या शोधातला साप तिथेच थांबतो, हे तिसरे. भाजलेल्या सापांच्या पेट्यांत तापमानाची मांडणी बहुधा चुकलेली असते. त्यामुळे तिसरे कारण अधिक पटते.

सापाची जखम सस्तन प्राण्याच्या मानाने सावकाश भरते. प्रथम स्रावाची खपली धरते, तिच्याखालून नव्या पेशींचा पातळ थर सरकत येतो आणि मग तो जाड होतो. ही सारी क्रिया बाहेरच्या तापमानावर चालते, कारण सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. गार्टर सापांवरील प्रयोगांत ३०° से. तापमानात जखमा त्याहून थंड जागेपेक्षा चांगल्या भरल्या. त्यामुळे मलमाआधी तापमापी पाहावी. रॉयल पायथनला पेटीच्या एका टोकाला सु. ३१° ते ३३° से. आणि दुसऱ्या टोकाला सु. २५° ते २७° से. असा उतार लागतो; आजारी साप त्यातून आपली जागा स्वतः निवडतो. अंथरण काढून साधा कागद घालावा व तो भिजताच बदलावा. भुसा किंवा सालीचे तुकडे जखमेत रुततात.

जखम कोमट सलाइनने धुवून, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून किंवा पातळ क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करतात. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशी मारतात, म्हणून ते टाळतात. भाजल्यावर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम चालते. मोठ्या भाजलेल्या जागेतून शरीरातले पाणी झिरपून जाते, त्यामुळे पशुवैद्याकडून द्रव देणे आवश्यक ठरते. सापाचा पू वाहत नाही; तो चक्क्यासारखा घट्ट असतो. गळू नुसते फोडून भागत नाही, ते आवरणासह काढावे लागते.

प्रतिजैविकाची सुई शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात द्यावी, असा जुना नियम आहे. शेपटीकडचे अशुद्ध रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी मूत्रपिंडांतून जाते, म्हणून औषध अंगभर पसरण्यापूर्वीच बाहेर पडेल किंवा मूत्रपिंडांना अपाय करील, ही त्यामागची भीती. कासवे व कार्पेट पायथन यांवरील नंतरच्या अभ्यासांत उपचार बिघडावा इतका मोठा फरक आढळला नाही. तरीही बहुतेक पशुवैद्य नियम पाळतात. त्यात तोटा काहीच नसल्याने तो पाळणेच बरे. सापाचा चयापचय मंद असल्याने सेफ्टाझिडिमसारखे औषध सामान्यतः दर ७२ तासांनी देतात. माणसाची मात्रा व वेळापत्रक इथे लावणे घातक ठरते. वेदनाशामकांबाबतही अंदाज चालत नाहीत : काही सरड्यांना उपयोगी पडणारे मॉर्फीन कॉर्न स्नेकवरील चाचणीत निष्प्रभ ठरले.

सापाच्या कातडीच्या कडा आत वळतात, म्हणून टाके घालताना त्या बाहेर उलटवून घेतात. टाके सु. सहा आठवडे, कित्येकदा पुढची कात पडेपर्यंत ठेवतात. जखमी साप बरेचदा नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो आणि दर कातीबरोबर व्रण फिका होत जातो. मोठे भक्ष्य गिळताना कातडी ताणून जखम उकलते. या काळात भक्ष्य लहान द्यावे आणि हाताळणी कमीत कमी ठेवावी. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्यामुळे प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी साप पाळता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या (साइट्स) सूचीतील परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचीही तरतूद केली. त्यामुळे महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने सर्पमित्र, वनविभाग आणि पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानासारख्या ठिकाणांचा आहे. इथल्या जखमाही निराळ्या : नांगराचा फाळ, काठीचा घाव, मासेमारीच्या किंवा बागेभोवतीच्या जाळ्यात रुतलेला दोरा. गारुड्याकडून सोडवलेल्या नागाचे दात उपटलेले, क्वचित तोंड शिवलेले असते आणि हिरड्या सडलेल्या असतात. जखमी नाग डूख धरतो हा समज निराधार आहे. जखमी सापाला मुंग्या लागतात हे मात्र खरे, म्हणून त्याला उघड्यावर ठेवू नये. जाळे ओढून न काढता कातडीपासून दूर कात्रीने कापावे. उंदरांच्या चिकट सापळ्यात अडकलेल्या सापाला खेचल्यास खवल्यांसह कातडी सुटते. खाद्यतेल थोडे थोडे सोडत गोंद सैल करतात, मग तेल पुसून साप हवेशीर पिशवीत घालून पशुवैद्याकडे नेतात. विषारी सापाबाबत हे काम प्रशिक्षित माणसाचेच.