पहारीतून आलेला शब्द: लिव्हरेज

‘या व्यवहारात लिव्हरेज आपल्याकडे आहे,’ असं ऑफिसात सर्रास बोललं जातं. समोरच्याला हलवता येईल असं काहीतरी आपल्या हाती आहे, असा त्याचा अर्थ. हा शब्द नीट समजून घ्यायचा तर पहारीनं धोंडा उलथणाऱ्या माणसाकडे बघावं.

साडेपाच फुटांची पहार घ्या. तिचं टोक धोंड्याखाली सारा आणि टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू द्या. हाताच्या बाजूला 5 फूट उरतात, म्हणजे दहापट. 200 किलोचा भार आता 20 किलोच्या जोरानं उचलला जातो. मात्र धोंडा 1 इंच उठायला हात 10 इंच खाली न्यावा लागतो. जोर वाचतो, तो अंतरात भरून द्यावा लागतो. शाळेच्या पुस्तकात या पहारीला तरफ म्हणतात आणि त्या दहापटीला यांत्रिक फायदा. हा नियम आर्किमिडीजनं इ.स.पू. तिसऱ्या शतकात भूमितीनं सिद्ध केला.

तरफेला इंग्रजीत ‘लिव्हर’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्यामागे लॅटिनचं ‘लेव्हारे’, म्हणजे उचलणं, आणि त्याच्याही मुळाशी ‘लेव्हिस’, म्हणजे हलका. एलिव्हेटर याच घरातला. मला सगळ्यात आनंद होतो तो पुढच्या नात्याचा: लॅटिन ‘लेव्हिस’ आणि संस्कृत ‘लघु’ एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. ‘लघुक’ प्राकृतात ‘लहुअ’ झाला, मग अक्षरांची अदलाबदल होऊन आपला ‘हलका’ घडला. लिव्हर आणि हलका ही दूरची भावंडं आहेत!

‘लिव्हरेज’ अठराव्या शतकात तरफेच्या कामापुरताच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो माणसांवरच्या वजनालाही लागू झाला, आणि विसाव्या शतकात कर्ज काढून केलेल्या गुंतवणुकीला. ब्रिटनमध्ये यालाच ‘गिअरिंग’ म्हणतात. तोही यंत्रातलाच शब्द.

तुमचे 1 लाख आणि कर्जाचे 9 लाख मिळून 10 लाखांचे शेअर घेतलेत. भाव 10 टक्के वाढला, तर व्याज सोडता तुमचे पैसे दुप्पट. 10 टक्के पडला, तर तुमचा लाख संपला. 2007 अखेर लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेची मालमत्ता स्वतःच्या भांडवलाच्या सुमारे 30 पट होती. तिथे साडेतीन टक्क्यांची घसरणही सगळं भांडवल पुसायला पुरेशी होती. सप्टेंबर 2008 मध्ये ती बँक बुडाली.

धोंडा इंचभर निसटून खाली बसला, की पहारीचं हातातलं टोक दहा इंच वर उसळतं. म्हणून पहार चालवताना तोंड तिच्या रेषेत ठेवत नाहीत.