हार्लेमचे दोन पोलीस आणि पॅरिसचा प्रकाशक

हार्लेम ही न्यू यॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या गल्ल्यांवरच्या, कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक चेस्टर हाइम्सच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या मात्र पॅरिसच्या एका प्रकाशनाने मागितल्या म्हणून लिहिल्या गेल्या. त्यातला राग समजायचा तर बरंच मागे जावं लागतं.

हाइम्सचा जन्म 1909 मध्ये मिझुरी राज्यात झाला. वडील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत लोहारकाम शिकवत. शाळेच्या कार्यक्रमात चेस्टर आणि त्याचा भाऊ जोसेफ बंदुकीच्या दारूचा प्रयोग दाखवणार होते. चेस्टर नीट वागला नाही म्हणून आईने त्याला बसवून ठेवलं. जोसेफने एकट्याने मिश्रण केलं, स्फोट झाला आणि डोळे गेले. गोऱ्यांच्या हॉस्पिटलने त्याला आत घेतलं नाही. वडील लहान मुलासारखे रडत होते, आई पर्समध्ये रुमाल चाचपत होती. आत्मचरित्रात हाइम्स लिहितो, ती पिस्तूल शोधत असावी अशी माझी आशा होती.

1928 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सशस्त्र दरोड्यासाठी त्याला 20 ते 25 वर्षांची शिक्षा झाली. ओहायोच्या तुरुंगात तो लिहू लागला. 1930 च्या आगीत तिथे 322 कैदी मेले. त्या आगीवरची त्याची कथा 1934 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आली. 1936 मध्ये पॅरोलवर सुटून तो बाहेर आला. पुढच्या गंभीर कादंबऱ्यांनी त्याचं पोट काही भरलं नाही आणि 1953 मध्ये त्याने अमेरिका सोडली.

पॅरिसला गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या रहस्यमालेचे संपादक होते मार्सेल द्युआमेल. हाइम्सची पहिली कादंबरी त्यांनीच फ्रेंचमध्ये आणली होती. त्यांनी सांगितलं, डिटेक्टिव्ह कादंबरी लिही. मनातलं सांगत बसू नकोस, माणसं काय करतात ते डोळ्यांसमोर उभं कर. त्यातून कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर हे दोन कृष्णवर्णीय पोलीस जन्मले. 1958 मध्ये या मालिकेतल्या पहिल्या कादंबरीला रहस्यकथांसाठीचा मोठा फ्रेंच पुरस्कार मिळाला. भोळ्याभाबड्यांना लुबाडणारे भोंदू धर्मगुरू, आफ्रिकेत परत नेतो म्हणून पैसे उकळणारा ठग, यांच्यावर हाइम्स कडाडून तुटून पडतो; गरिबांबद्दल मात्र त्याला कणव आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात सच्चं लेखन हेच, गंभीर कादंबऱ्यांपेक्षाही.

1969 च्या हार्लेम-कादंबरीत भुयारी रेल्वेत एक आंधळा माणूस पिस्तूल झाडतो आणि गोळी लागते भलत्यालाच. ही घटना हाइम्सला एका मित्राने सांगितली होती. मला मात्र ते पान वाचताना हॉस्पिटलच्या दाराशी उभी असलेली त्याची आई दिसते.