ऑर्नियास

ऑर्नियास : प्राचीन ज्यू परंपरेतील एक दुय्यम पिशाच. हिब्रू बायबलमध्ये त्याचे नाव नाही. त्याची कथा ‘शलमोनाचे मृत्युपत्र’ या ग्रीक ग्रंथात येते. प्राचीन इस्राएलचा राजा शलमोन स्वतः बोलतो आहे अशी या ग्रंथाची रचना असली, तरी तो शलमोनानंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तयार झाला. जुन्या ज्यू कथांवर ख्रिस्ती संपादकांचा हात त्यात उघड दिसतो. चेस्टर मॅककाउन यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती 1922 मध्ये काढली.

कथेची सुरुवात चोरीने होते, आणि चोरीही अगदी भुरटी. यरुशलेमच्या मंदिराचे काम चालू असते. कारागिरांमध्ये राजाच्या मर्जीतला एक मुलगा असतो. रोज सूर्यास्ताला ऑर्नियास येतो, त्याची अर्धी मजुरी आणि अर्धे अन्न नेतो, शिवाय त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चोखतो. दुप्पट मजुरी, दुप्पट शिधा मिळत असूनही पोर वाळत चाललेले पाहून शलमोन त्याला खोदून विचारतो. मग राजाच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून देवदूत मीखाएल कोरीव मुद्रेची अंगठी आणून देतो. ज्वाळेच्या रूपात आलेल्या पिशाचाच्या छातीवर मुलगा ती फेकतो. ऑर्नियास किंचाळतो, अंगठी परत घे म्हणून सोन्या-रुप्याची लाच देऊ करतो. पण मुलगा त्याला थेट राजासमोर उभा करतो.

जबानीत तो आपली रास कुंभ सांगतो. कन्या राशीच्या स्त्रियांचा मोह धरणाऱ्या कुंभ राशीच्या पुरुषांचा आपण गळा घोटतो, असेही कबूल करतो. त्याला आवर घालणारा देवदूत उरीएल. शलमोन त्याला मंदिरासाठी दगड फोडायला लावतो. लोखंडाला भिणारा ऑर्नियास गयावया करतो : मला सोडा, बाकीची सगळी पिशाचे आणून देतो. पुढे तीच अंगठी घेऊन तो पिशाचांचा अधिपती बालजबूल यालाच पकडून आणतो. ग्रंथातील त्याचे खरे महत्त्व या माफीच्या साक्षीदाराच्या भूमिकेत आहे. बालजबूल हाती लागल्यावर एकामागून एक पिशाचांची उलटतपासणी सुरू होते. ग्रंथाचा मोठा भाग तिनेच व्यापला आहे.

शेवटाकडे तो पुन्हा भेटतो, आणि माझ्या मते हाच ग्रंथातला सर्वांत सरस प्रसंग. एक म्हातारा आपल्या मुलाने मारहाण केल्याची फिर्याद आणतो व त्याला देहदंड मागतो. ऑर्नियास हसू लागतो. कारण विचारल्यावर सांगतो, हा मुलगा लवकरच मरणार आहे. तसेच घडते. हे कसे कळले? पिशाचे आकाशात उडत जाऊन ताऱ्यांमधले दैवी निर्णय चोरून ऐकतात. पण तिथे टेकायला जागा नसल्याने दमून झाडाच्या पानांसारखी गळून पडतात. माणसांना वाटते, तारा निखळला.

भविष्य जाणून हसणारा हा कैदी तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘गिट्टीन’ या प्रकरणातील पिशाचराज अश्मदाईची आठवण करून देतो. मंदिराच्याच कामासाठी बांधून नेला जात असताना अश्मदाई लग्नाची वरात पाहून रडतो, कारण नवरदेव महिन्याभरात मरणार असतो. आणि सात वर्षे टिकतील असे जोडे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हसतो, कारण त्याचे सात दिवसही उरलेले नसतात.