पाण्याशी जमवून घेणारा खडू

मेणखडू आणि पाणी यांचं जमत नाही, हे शाळेत चित्रं काढणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मेणखडूच्या रेघेवरून जलरंगाचा हात फिरवला तर रेघ कोरडीच राहते, पाणी तिच्यावर थेंबाथेंबाने गोळा होतं. पाण्यात विरघळणारे क्रेयॉन दिसायला असेच. पण ओला ब्रश लागला की त्यांची रेघ पसरते, वाहते, शेजारच्या रंगात शिरते.

पॅराफिन मेण म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. पाण्याचे रेणू विद्युतभाराच्या ओढीने एकमेकांना धरून असतात, आणि मेणाच्या साखळीवर त्यांना धरायला काही सापडत नाही. विरघळणाऱ्या खडूत यावर दोन युक्त्या चालतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखं द्रव्य वापरायचं, ही एक. ते मेणासारखं घट्ट असतं, पण त्याच्या साखळीत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन येतो आणि पाणी त्याला बिलगतं. दुसरी युक्ती म्हणजे मेणातच इमल्सिफायर मिसळायचा. त्याच्या रेणूचं एक टोक मेणात रुततं, दुसरं पाण्याकडे ओढ घेतं. कोणी काय आणि किती घातलं, हे डब्यावर सहसा छापलेलं नसतं. तेलापाण्याचं असं जमवून देणारे पदार्थ आपल्या रानातही आहेत. मेळघाटातल्या धावड्याचा डिंक त्यासाठीच खाद्यपदार्थांत वापरतात.

गंमत म्हणजे एवढं करूनही खडूतला रंग पाण्यात विरघळत नाही. विरघळतं ते रंगाला धरून ठेवणारं द्रव्य. हे घरी पाहता येतं. एका काचेच्या ग्लासात पळसाची फुलं उकळून गाळलेलं पाणी घ्या, दुसऱ्यात ओट्याला लावतो तो गेरू कालवा आणि दोन्ही रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी पळसाचं पाणी वरपासून खालपर्यंत केशरी असेल. गेरूचा ग्लास मात्र वर बराच निवळलेला, तळाशी गाळ. पळसाचा रंग पाण्यात रेणूरेणूने मिसळतो. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे कण, थोडा वेळ तरंगून खाली बसणारे. चांगल्या खडूंतली रंगद्रव्यं साधारण गेरूच्या जातीची असतात. म्हणून खरखरीत कागदावर पाणी फिरवलं की कण खळग्यांत जाऊन बसतात आणि रंगाला दाणेदार पोत येतो. गुळगुळीत कागदावर ती मजा नाही.

चित्र वाळलं तरी धरून ठेवणारं द्रव्य पाण्यात विरघळणारंच राहतं. पुन्हा ओला ब्रश फिरवला की रंग उचलला जातो. चूक पुसायला हे बरं, पण तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी या खडूंनी रंगवू नका. ऐन पावसाळ्यातला सण, त्यात पोरांचे घामट हात. संध्याकाळपर्यंत नंदीचा रंग सदऱ्यावर आलेला असेल. ऑइल पेस्टलही इथे कामाचे नाहीत. त्यांतलं खनिज तेल हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही, त्यामुळे ते कधीच पुरतं वाळत नाही आणि बोटाला लागत राहतं. जवसाच्या तेलाचं उलट असतं. त्याच्या रेणूंत दुहेरी बंध भरपूर. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते एकमेकांत गुंफतात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. चित्रकारांचे तैलरंग शतकानुशतकं याच तेलावर चालले. विदर्भाच्या शेतातलं हे पीक जगभरच्या कॅनव्हासवर पोचलेलं आहे, आणि आपण त्याची फक्त चटणी करतो!

ओला असताना गडद दिसलेला रंग वाळल्यावर फिका का पडतो, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. पहिल्या पावसात काळी जमीन आणखी काळी दिसते, त्यामागेही हेच कारण आहे. प्रकाशाचा वेग हवेच्या तुलनेत पाण्यात 1.33 पट कमी होतो, कागदाच्या तंतूंत सुमारे 1.5 पट. कणांमधल्या फटींत हवा असेल तर हा फरक मोठा, त्यामुळे प्रकाश जास्त विखुरतो आणि पांढुरका परत येतो. फटींत पाणी भरलं की फरक घटतो, प्रकाश आत खोलवर जातो आणि शोषला जातो.

मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कूलरसमोर बसून हे खडू वापरून पाहा. रंग पसरायच्या आत कागद वाळतो आणि डागाच्या कडेला गडद रेघ उमटते. थेंबाची कड कागदाला चिकटून बसते, कडेचं पाणी लवकर उडतं, त्याची भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना कणही ओढून नेतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडलेल्या कॉफीच्या डागावरून 1997 साली याचा उलगडा केला.

ती रेघ नको असेल तर कागद आधीच सगळा ओला करून घ्यावा, म्हणजे डागाला कड धरायला जागाच उरत नाही. ब्रशच्या पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकला तर वाळणंही लांबतं. जास्त टाकलं तर पावसाळी हवेत चित्र चिकट राहतं.