समिंग : ॲनालॉग आणि डिजिटल

गाण्याचे सुटे ट्रॅक एकत्र करून त्यांची डाव्या-उजव्या वाहिनीची स्टिरिओ जोडी बनवणे म्हणजे समिंग. शब्दशः बेरीजच, पण तिच्यावरून स्टुडिओंमध्ये वाद मात्र भरपूर होतात.

संगणकात ही बेरीज आकड्यांची असते. एखाद्या क्षणी गायकाच्या ट्रॅकचा नमुना (त्या क्षणाच्या ध्वनिलहरीचा आकडा) 0.6 आणि तबल्याचा 0.7 असेल, तर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळतात त्या वाटेवर, 1.3 येतात. मर्यादा 1 ची. तरी 32-बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे दशांश चिन्ह सरकू शकणाऱ्या आकड्यांत, 1.3 शाबूत राहतात. मास्टर फेडर (एकूण पातळीची सरकती दांडी) 6 डेसिबल खाली ओढला की साधारण 0.65 उरतात, आवाज फाटत नाही. दशांश चिन्ह जागचे न हलणाऱ्या फिक्स्ड पॉइंटमध्ये जागा मोजकी असते. प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या टीडीएम पिढीत मिक्सर 48-बिट फिक्स्ड पॉइंटचा होता, 2011 च्या एचडीएक्स पिढीत बेरीज 64-बिट फ्लोटिंग पॉइंटवर गेली. डिजिटल बेरीज ‘पातळ’ वाजते ही तक्रार त्यानंतरही चालूच आहे.

ॲनालॉग पद्धतीत ट्रॅक किंवा त्यांचे गट, आकड्यांचे विद्युत सिग्नल करणाऱ्या कन्व्हर्टरमधून बाहेर काढून नीव्ह 8816 सारख्या समिंग मिक्सरला जोडतात. तिथे सिग्नल रेझिस्टरमधून एका सामायिक तारेवर मिळतात. 16 वाहिन्यांच्या पॅसिव्ह (ॲम्प्लिफायर नसलेल्या) जोडणीत प्रत्येक सिग्नल सुमारे 24 डेसिबलने उतरतो. तो वर उचलायला ॲम्प्लिफायर लागतो, पुष्कळदा मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारा साधा माइक प्रीॲम्पच. चाहते ज्याला ऊब म्हणतात ती इथली : ट्रान्सफॉर्मरने मिसळलेले हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीतले जादा सूर), शेजारच्या वाहिनीतली थोडी गळती. सोबत खरखरही येते. सारख्याच पातळीची खरखर असलेल्या 16 वाहिन्या मिळाल्या की ती एका वाहिनीपेक्षा 12 डेसिबलने वर जाते. थोडक्यात, आवडतो तो बेरजेतला दोष, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला ‘अचूकता’ म्हणू नये.

तुलना करताना पातळी आधी जुळवावी लागते, कारण अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे मिक्स कानाला उगाच सरस वाटते. दोन सॉफ्टवेअरच्या बेरजेतले फरकही बहुधा पॅन लॉच्या (आवाज डावी-उजवीकडे सरकवताना पातळी किती बदलायची या नियमाच्या) वेगळ्या सेटिंगचे निघतात. ते सारखे करून एका मिक्सची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून दुसऱ्यावर ठेवले, की जवळजवळ शांतताच उरते. ॲनालॉग पेटीतून तेच मिक्स लागोपाठ दोनदा रेकॉर्ड करून अशी वजाबाकी केली, तरी मागे बारीकशी खरखर राहतेच.